पडद्यावरचा रेणू, पातेल्यातला काढा

निपाहची बातमी येवो नाहीतर एचएमपीव्हीची, दोन दिवसांत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच निरोप फिरू लागतो. अमुक वनस्पतीतलं तमुक संयुग विषाणूच्या प्रथिनाला घट्ट चिकटतं, संगणकाने ते सिद्ध केलंय, तेव्हा आजपासून काढा सुरू करा. खाली रंगीत फितींच्या गुंडाळ्याचं चित्र आणि त्याच्या खोबणीत बसलेला काड्याकाड्यांचा एक रेणू. तासाभरात कुणीतरी उत्तर देतं की हे डॉकिंग, म्हणजे संगणकावर रेणू प्रथिनात बसवून पाहणं, शुद्ध थोतांड आहे, लॅपटॉपवर बसून पेपर पाडायचा उद्योग. तिथून गाडी आयुर्वेद विरुद्ध ॲलोपथीवर जाते, मग देशी विरुद्ध विदेशीवर, आणि शेवटी कुणीतरी रागावून ग्रुप सोडतं. मी एका जिल्ह्याच्या गावी फार्मसीच्या मुलांना शिकवते. करोनाच्या पहिल्या टाळेबंदीपासून हा वाद ऐकते आहे, आणि दरवेळी वाटतं की ज्या प्रश्नाचं उत्तर त्या चित्रात मुळातच नाही, त्यावर दोन्ही बाजू भांडत आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगते. डॉकिंग हा पुरावा नाही, आणि तो कचराही नाही. ती चाळण आहे. हजारो संयुगांतली कुठली पन्नास आधी तपासायला घ्यावीत एवढंच ती सांगते, तेही चुकतमाकत. दोष चाळणीचा नाही. चाळलेलं धान्य तसंच सुपात ठेवून आपण पंगत उठल्याची दवंडी पिटतो, हा दोष आहे, आणि तो आपल्या विद्यापीठांचा, नियतकालिकांचा, मंत्रालयांचा आणि आम्हा शिक्षकांचा आहे.

त्या चित्रात नेमकं काय असतं? करोनाचा विषाणू पेशीत शिरला की आपली प्रथिनं एका लांब माळेच्या रूपात बनवून घेतो, आणि ती माळ ठरावीक जागी कापली गेली तरच त्याचं पुढचं काम चालतं. कापण्याचं मुख्य काम करणारं एन्झाइम म्हणजे एम-प्रो. ही कात्री बंद पाडली तर विषाणूची पुढची पिढी घडत नाही. शांघायच्या शास्त्रज्ञांनी तिची त्रिमितीय रचना शोधून फेब्रुवारी २०२०च्या सुरुवातीलाच जगासाठी खुली केली. ६एलयू७ हा तिचा क्रमांक आमच्या मुलांना स्वतःच्या परीक्षा क्रमांकासारखा पाठ झाला. ऑटोडॉक विनासारखी मोफत प्रणाली त्या रचनेवर एक चौकोनी पेटी आखते, पेटीत आपलं संयुग नाना तऱ्हांनी वळवून-वाकवून बसवून पाहते, आणि कुठल्या बैठकीत ते किती घट्ट बसेल याचा अंदाज किलोकॅलरी प्रति मोलमध्ये देते. आकडा जितका उणे, तितकी पकड घट्ट. म्हणून 'उणे नऊ आला' की मुलं आनंदाने धावत येतात.

आता त्या आकड्याची पत बघा. ही प्रणाली ज्यांनी बनवली त्यांनीच २०१०मध्ये आपल्या अंदाजातली चूक साधारण २.८५ किलोकॅलरी असल्याचं लिहून ठेवलं आहे. सामान्य तापमानाला सुमारे १.३६ किलोकॅलरीचा फरक म्हणजे पकडीत दहापट फरक. म्हणजे खरी पकड अंदाजापेक्षा शंभरपट सैल किंवा शंभरपट घट्ट निघू शकते. उणे ८.१ आणि उणे ८.९ यांच्यात पहिला-दुसरा नंबर लावणं म्हणजे भंगाराच्या ताणकाट्यावर सोनं तोलणं. त्यात प्रथिन बहुतेक वेळा ताठ धरलेलं असतं, भोवतीच्या पाण्याचा हिशेब ओझरता असतो, आणि आतडं, रक्त, यकृत यांचा तर पत्ताच नसतो.

दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी लॅबला कुलूप लावायच्या वेळेला एम. फार्म.ची एक विद्यार्थिनी उघडा लॅपटॉप हातात धरूनच आली. शेकडो वनौषधी संयुगं तिने एम-प्रोवर बसवून पाहिली होती. 'मॅडम, संत्र्याच्या सालीतलं हेस्पेरिडिन आणि त्याच्या जोडीला रुटिन, दोन्ही सगळ्यांत वर आलेत.' मी म्हटलं, याच तक्त्यात प्रत्येक संयुगाचा रेणुभार भर आणि त्या रकान्यावर क्रम लाव. तिने लावला. यादी फारशी हललीच नाही. हेस्पेरिडिन आणि रुटिन, दोघांचा रेणुभार सहाशे दहाच्या घरात, हळदीतल्या कर्क्युमिनचा तीनशे अडुसष्ट. ही गुणपद्धत स्पर्शागणिक गुण जोडत जाते. मोठा रेणू अधिक ठिकाणी टेकतो, अधिक गुण मिळवतो. औषधी गुणाचा त्यात काही संबंध असेलच असं नाही. शिवाय साखरेचे घटक जोडलेला असा थोराड रेणू आतड्यातून अखंड रक्तात जाणं कठीणच. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, 'म्हणजे सहा महिने मी काय केलं?' हा प्रश्न आपण सगळ्यांनीच तेव्हा विचारायला हवा होता.

डॉकिंगच्या बाजूने बोलणाऱ्यांचा पहिला मुद्दा मला मान्य आहे. २०२०मध्ये प्रयोगशाळांना कुलपं होती. मुलं गावी, आठ बाय दहाच्या खोलीत, फोनच्या हॉटस्पॉटवर. त्यांना करता येण्याजोगं खरं संशोधन एवढंच होतं. त्या जुलैत शिक्षण मंत्रालय, एआयसीटीई ही तंत्रशिक्षण परिषद आणि सीएसआयआर ही वैज्ञानिक संशोधन परिषद यांनी मिळून औषध शोधाची हॅकेथॉन सुरू केली. पुण्याच्या सी-डॅकचा तिला हातभार होता. लहान गावच्या मुलांना हे तंत्र त्या निमित्ताने शिकायला मिळालं याचा मला आनंदच आहे. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेने भारतीय औषधी वनस्पतींचा जो संगणकीय कोश बांधला, त्यात आज चार हजारांवर वनस्पतींतली जवळजवळ अठरा हजार संयुगं आहेत. एवढी संयुगं एकेक करून गाळून, शुद्ध करून हाताने तपासायला पिढ्या लागतील. चाळण हवीच. पण टाळेबंदी उठली. लॅबची कुलपं निघाली. त्यानंतरही पेपर संगणकावरच सुरू होतो आणि संगणकावरच संपतो, याचं कारण काय सांगायचं?

दुसरा मुद्दा इतिहासाचा. वनस्पतींनी जगाला औषधं दिलीच आहेत ना? दिली आहेत, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ती कशी मिळाली, हे सांगताना लोक घाई करतात. तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंचं उदाहरण घ्या. आजार मलेरियाचा, विषाणूचा नव्हे, पण रस्ता तोच. त्यांच्या चमूने दोन हजारांवर जुने पाठ चाळले, सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० अर्क काढून उंदरांवर तपासले. चिंगहाओ या वनस्पतीचा अर्क कधी चालायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या एका पोथीत ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा असं लिहिलं होतं. उकळा असं लिहिलं नव्हतं. बाईंनी उष्णता टाळून ईथरने अर्क काढला, आणि ऑक्टोबर १९७१मध्ये १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांमध्ये शंभर टक्के चालला. उकळून काढा केला असता तर गुणच गेला असता! पोथीने दिशा दिली, पण पोथी प्रमाण मानून त्या थांबल्या नाहीत. रुग्णांना देण्याआधी १९७२मध्ये तो अर्क त्यांनी स्वतः पिऊन पाहिला.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर मनसुख वाणी यांचं आहे. जन्म नंदुरबारचा, १९२५चा. शिक्षण मुंबई विद्यापीठात, मग अमेरिकेत. मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९६६मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी संयुग वेगळं केलं. तेच संयुग पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात सापडलं आणि त्या झाडाची चोरटी तोड सुरू झाली, ही त्या गोष्टीची दुःखद बाजू. कॅम्प्टोथेसिन प्रयोगशाळेत झकास होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माणसांना दिलं तेव्हा इतकं विषारी ठरलं की चाचण्या थांबवाव्या लागल्या. ते पेशीत नेमकं कशावर काम करतं हे १९८५मध्ये कळलं, आणि त्यात फेरफार करून घडवलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या औषधांना अमेरिकेत १९९६मध्ये मान्यता मिळाली. तीस वर्षं लागली. खरंखुरं, बाटलीत भरलेलं, पेशी मारताना दिसलेलं संयुग असूनही! आणि आपण पडद्यावरच्या अंदाजावरून तीस तासांत सुतावरून स्वर्ग गाठतो. वाणी एप्रिल २०२०मध्ये गेले. तेव्हा इकडे घरोघरी काढा उकळत होता आणि नंदुरबारच्या या माणसाच्या जाण्याची चार ओळींचीही बातमी मला कुणी पुढे पाठवली नाही.

तिसरा मुद्दा असा: 'काढ्याचा गुण एका रेणूत नसतो, तो सगळ्या द्रव्यांच्या मेळात असतो. एकेक रेणू सुटा करून तपासणं ही मुळात पाश्चात्त्य रीत आहे.' हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. तसं असू शकतं. पण मग डॉकिंग कशाला दाखवता? डॉकिंग तर एकच रेणू घेतं, एकाच प्रथिनाच्या एकाच खोबणीत. गुण मेळात असेल तर डॉकिंग त्याबद्दल मूक आहे, आणि गुण एका रेणूत असेल तर तो रेणू परीक्षानळीत घाला. दोन्ही दाव्यांचा फायदा एकदम घेता येणार नाही. अख्खी वनस्पती तपासायची रीतही आपल्याकडे आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना देऊन, मोजमाप ठेवून, १९४९मध्ये निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. त्यातलं गुणकारी संयुग रिसर्पिन वेगळं काढलं गेलं १९५२मध्ये. म्हणजे रेणू माहीत नसताना डॉ. वकील यांनी आख्ख्या मुळाची परीक्षा घेतली, आणि जगाने ती मानली. त्यांनी रेणू पाहिला नव्हता, पण रुग्ण पाहिले होते. आपण रेणू बघतो आणि रुग्णांपर्यंत जातच नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळते, कारण 'डॉकिंग म्हणजे थोतांड' म्हणणाऱ्यांचंही सगळं खरं नाही. फ्लूच्या विषाणूचं एक प्रथिन आपल्या पेशींवरच्या सियालिक आम्लाला धरून काम करतं. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी त्या प्रथिनाची रचना मिळवली, संगणकाला खोबणीचा आराखडा दिला आणि विचारलं की सियालिक आम्लासारख्या रेणूला इथे काय जोडलं तर पकड वाढेल. संगणकाने धनभाराचा गट सुचवला. त्यांनी रेणू बनवला, तपासला, आणि १९९९मध्ये झानामिवीर बाजारात आलं. शरीरातलंच एक नैसर्गिक संयुग आणि संगणकाची आकडेमोड, यांतून घडलेलं हे विषाणूविरोधी औषध आहे. त्याला थोतांड म्हणणार? एम-प्रोवरचं एन्सिट्रेल्विर हे औषध जपानी कंपनीने आपल्या साठ्यातली संयुगं आधी संगणकावर गाळून, मग परीक्षानळीत तपासून आणि मग घडवत नेऊन तयार केलं. जपानने नोव्हेंबर २०२२मध्ये त्याला तातडीची मंजुरी दिली. 'कोविड मूनशॉट' या खुल्या प्रकल्पात तर जगभरच्या लोकांनी अठरा हजारांवर रचना सुचवल्या. त्यांतली चोवीसशेहून जास्त संयुगं प्रत्यक्ष बनवली गेली आणि दहा हजारांहून अधिक मोजमापं झाली. तिथे संगणकावर बसलेल्या माणसाच्या मागे लगेच रेणू बनवणारा उभा होता, त्याच्या मागे मोजणारा. आपल्याकडे संगणकावरचा माणूस तेवढा आहे.

आणि परीक्षानळीतही फसगत होतेच, म्हणूनच तिथवर जाणं गरजेचं. एम-प्रोची रचना ज्या चमूने दिली, त्याच चमूने दहा हजारांवर संयुगं तपासून सहा नावं पुढे आणली होती. त्यात शिकोनिन हे एका मुळातलं लाल नैसर्गिक संयुगही होतं. त्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगशाळेने तपासणीच्या द्रावणात डीटीटी हे गंधक असलेलं साधं रसायन घातलं आणि दाखवून दिलं की ही संयुगं एम-प्रोला नेमकी ओळखत नाहीत, समोर येईल त्या गंधकाला चिकटतात. कर्क्युमिनचं तर आणखीच अवघड. ते डॉकिंगमध्ये चांगलं, परीक्षानळीत चांगलं, पण पोटात गेलं की थोडंच शोषलं जातं आणि यकृत ते झपाट्याने निकालात काढतं. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी २०१७मध्ये घेतलेल्या आढाव्यात त्याच्या १२०हून अधिक मानवी चाचण्यांचा हिशेब आहे, आणि काटेकोर तुलनात्मक चाचणीत ठाम यश एकाही ठिकाणी नाही. पॅक्सलोव्हिड या करोनावरच्या औषधातलं निर्माट्रेल्विर एका मोठ्या कंपनीने अणूअणू जुळवून घडवलं, तरी यकृतापुढे टिकावं म्हणून त्याला रिटोनावीर या दुसऱ्या औषधाची सोबत द्यावी लागते. यकृताला पडद्यावरचा उणे नऊ कळत नाही.

यात बिघडतं काय, काढा प्यायल्याने नुकसान थोडंच होतं, असं मला माझ्या आईनेही विचारलं होतं. तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुका घालून ती रोज पातेलंभर काढा करायची. घसा शेकला जायचा, बरं वाटायचं. मी कधी अडवलं नाही. पण त्याच ओघात शेजारच्या काकांनी गुळवेल सकाळ-संध्याकाळ सुरू केली, महिनोनमहिने, कुणालाही न विचारता. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की ती वनस्पती नीट ओळखली गेली नसावी, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत. हरकत रास्त आहे. पण मग ज्या वेलीची ओळख, मात्रा आणि मुदत यांतलं काही पक्कं नाही, ती लाखो लोकांनी घ्यावी हे ठरलं कशावर? ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन २००३च्या सार्सच्या विषाणूला पेशींमध्ये रोखतं, हे फ्रँकफर्टच्या संशोधकांनी लॅन्सेटमध्ये छापलं होतं. त्याला लागलेली मात्रा मोठी होती, आणि तेच ज्येष्ठमध फार घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. बीपीची गोळी घेणाऱ्या आजीला ही दुसरी बाजू कोण सांगणार?

घाईचं हे दुखणं फक्त काढ्याचं नाही. आयव्हरमेक्टिन हे जपानच्या मातीतल्या जिवाणूच्या संयुगावरून घडवलेलं औषध, कृमींवर इतकं गुणी की तू यूयूंबरोबरच २०१५चं नोबेल त्याच्या संशोधकांनाही मिळालं. एप्रिल २०२०मध्ये ऑस्ट्रेलियात ते पेशींमधल्या करोनाला रोखताना दिसलं, पण ज्या तीव्रतेला दिसलं ती नेहमीच्या मात्रेने माणसाच्या रक्तात गाठता येत नाही. तरीही मे २०२१मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरच्या सर्वांना ते देण्याचं जाहीर केलं, आणि सप्टेंबरमध्ये देशाच्या उपचार सूचनांतून ते वगळलं गेलं. तिथे निदान पेशींतला प्रयोग तरी हाताशी होता. नुसत्या डॉकिंगवरून काढा सुचवणारे त्याच्याही एक पायरी अलीकडे उभे आहेत.

'जिवंत विषाणू हाताळायची बीएसएल-३ लॅब आमच्याकडे कुठून येणार?' हे कारण मी प्रत्येक सेमिनारमध्ये ऐकते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारखी सोय जिल्ह्याजिल्ह्यात होणार नाही, हे खरं. पण एम-प्रो हे एन्झाइम आहे, विषाणू नव्हे. ते एकटं बनवता येतं, विकत मिळतं, साध्या प्रयोगशाळेत तपासता येतं. त्यात संसर्गाची भीती नाही. खर्च आहे, आणि तो एका कॉलेजला जड जातो. मग विद्यापीठाने चार-पाच जिल्ह्यांत मिळून एक सामायिक तपासणी केंद्र का उभारू नये? वनस्पतीतल्या जुन्या संयुगावर पेटंट मिळणं अवघड, म्हणून कंपन्या पैसा घालत नाहीत, हेही मला मान्य आहे. नेमक्या त्याच कारणासाठी हा पैसा सरकारने घालायला हवा. तू यूयूंच्या अर्कातून मिळालेल्या आर्टेमिसिनिनमागे कुठली कंपनी नव्हती, सरकारी प्रकल्प होता. आणि पुराव्याचा आग्रह परका आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हळदीचा खटला आठवावा. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट १९९५मध्ये दिलं गेलं आणि माशेलकरांच्या पुढाकाराने सीएसआयआरने ते १९९७मध्ये रद्द करवलं. आमची आजी लावायची, एवढ्यावर ते रद्द झालं नाही. संस्कृत ग्रंथांपासून १९५३च्या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत छापील दाखले पुढे ठेवले, तेव्हा झालं.

माझ्या त्या विद्यार्थिनीने प्रबंधाची मुदत वाढवून घेतली. यादीतली परवडतील अशी तीन संयुगं विकत घेतली आणि दुसऱ्या शहरातल्या एका ओळखीच्या लॅबमध्ये आठवडाभर जाऊन एम-प्रोवर तपासली. दोन संयुगं ढिम्म. तिसऱ्याने एन्झाइमचं काम निम्म्यावर आणलं, आणि तिने रात्री अकराला मला फोन केला. मी म्हटलं, उद्या त्यात थोडं डिटर्जंट टाकून बघ. कारण अशी काही संयुगं पाण्यात एकमेकांना चिकटून बारीक गोळे करतात आणि एन्झाइम त्या गोळ्यांवर अडकून बसतं. संयुग रोधक आहे असा भास होतो. दुसऱ्या दिवशी तिने ट्रायटन या डिटर्जंटचा अगदी विरळ थेंब टाकला, आणि आलेखावरची रेघ पुन्हा वर, कोऱ्या नमुन्याच्या रेघेला जाऊन मिळाली. प्रबंधात तो आलेख सत्तेचाळिसाव्या पानावर आहे. त्यावरचा पेपर दोन नियतकालिकांनी 'निकाल नकारात्मक' म्हणून परत पाठवला. तिच्या वर्गातल्या चौघांचे नुसत्या डॉकिंगचे पेपर एव्हाना छापून आले आहेत.